तूर घरात असताना

2024 सालच्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 10 मे रोजी, अंगणाच्या कडेला उभारलेल्या टिनाच्या शेडमध्ये मी डाळ मिलच्या यंत्राला हळदकुंकू वाहिले, सासूबाईंनी नारळ फोडला आणि गावातल्या पंधरा-वीस बायामाणसांसमोर मी बटण दाबले. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, डोक्यावर लख्ख ऊन, कर्ज मंजूर होऊन खात्यात आलेले आणि यंत्र जागेवर बसलेले असताना याहून चांगला दिवस कोणता असेल, असे मला त्या दिवशी मनापासून वाटत होते. पुढच्या पाच महिन्यांत माझ्या लक्षात आले की दिवस चांगलाच होता, वेळ मात्र चुकली होती. या दोन गोष्टींमधला फरक मला तेव्हा कोणी समजावून सांगितला असता तर एक आख्खे वर्ष ओढाताणीत गेले नसते, आणि आता आजूबाजूच्या गावांतल्या मुली-सुना नवा धंदा काढण्याआधी माझ्याकडे विचारायला येतात, म्हणून हे सगळे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीपासून दोन-तीन कोसांवर आहे. जमीन काळी आहे, ओलीत थोडे आहे आणि पिके ठरलेली आहेत: कपाशी, सोयाबीन आणि त्यांच्या ओळींमध्ये तूर. प्रत्येक घरी वर्षाला पुरेल इतकी तूर ठेवायची आणि उन्हाळ्यात तिची डाळ करून घ्यायची, ही पूर्वापार रीत आहे. जात्यावर डाळ भरडणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत आणि मोठ्या डाळ मिलवाल्यांना दोन-चार कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, कामात रस नसतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल विकसित केल्यापासून खेड्यातल्या माणसालाही आपल्या दारात हा धंदा करता येऊ लागला. आमच्या परिसरात असे यंत्र कोणाकडेच नव्हते, त्यामुळे धंदा निवडताना माझी चूक झाली नाही, असे मी आजही म्हणते.

मेमध्ये सुरुवात करण्याचे कारण साधे होते. कर्जाचा अर्ज हिवाळ्यात केला होता, तो मार्चअखेर मंजूर झाला, एप्रिलमध्ये पैसे मिळाले आणि महिनाअखेर यंत्र आले. यंत्र आले तेव्हा अक्षय्य तृतीया पंधरवड्यावर होती. म्हणजे मी वेळ निवडली असे म्हणताच येणार नाही. कागद ज्या दिवशी पूर्ण झाले, त्यानंतरचा पहिला चांगला दिवस मी धरला. बहुतेक लोक असेच करतात, हे मला पुढे अनेकांशी बोलताना दिसले. आपण मुहूर्त पाहतो, मुहूर्त पाहिला म्हणजे वेळेचा विचार झाला असे धरून चालतो, आणि खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

तुरीची डाळ करणे म्हणजे यंत्रात तूर टाकली आणि डाळ बाहेर आली, इतके ते सोपे नसते. आधी तूर चाळून, खडे-माती काढून, ती यंत्रातून एकदा हलकी फिरवायची, म्हणजे दाण्याच्या टरफलाला ओरखडे पडतात. मग तिला तेलाचा हात द्यायचा आणि ढीग करून रात्रभर झाकून ठेवायचा. त्यानंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवायची, पुन्हा पाणी शिंपडून रात्रभर ढीग करायचा, पुन्हा ऊन द्यायचे आणि मगच भरडायची. दाणा तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी मी चार दाणे दाढेखाली धरते. कट्‌कन दोन फाकी झाल्या तर तूर भरडायला योग्य असते. दाणा चेपला गेला तर आणखी एक दिवस ऊन हवे असते. नीट वाळलेल्या 100 किलो तुरीमागे साधारण 70 किलोच्या आसपास डाळ मिळते आणि उरलेली चुनी व टरफल जनावरांपुढे जाते. ओलसर तूर भरडली तर टरफल डाळीला चिकटून राहते, दाणे चुरतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याची डाळ कमी भरते. म्हणजे या धंद्यात विजेइतकेच ऊन लागते. तीन-चार दिवसांचे सलग, कोरडे, भरवशाचे ऊन हे आमचे अर्धे भांडवल आहे, आणि ते वर्षातून ठरावीक महिनेच मिळते.

सुरुवातीचे तीन आठवडे फार चांगले गेले. 25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला आणि त्या नऊ दिवसांत ताडपत्रीवर पसरलेली तूर पाय भाजण्याइतकी तापत होती. त्या तीन आठवड्यांत मी 19 क्विंटल तुरीचे काम केले आणि असेच चालले तर वर्षभरात कर्ज फिटेल, असा हिशेब एका रात्री वहीत मांडूनही ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आभाळ भरून आले. तीन घरांची मिळून सव्वादोन क्विंटल तूर तेव्हा अंगणात वाळत होती. ती आम्ही धावतपळत गोळा केली, वरून ताडपत्री टाकली, पण अंगणाला उतार नसल्याने पाणी खालून शिरले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलेच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तेव्हा आत ऊब लागली आणि भिजक्या धान्याचा तो आंबूस वास आला. त्या तिन्ही घरांना मी आमच्या घरच्या तुरीची डाळ करून दिली. शेजारच्या आजी आपला कट्टा परत न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, “मिरग लागला त डाय कुठी वाळवशीन वं बाई?” वर्षानुवर्षे उन्हाळ्यात डाळ करणाऱ्या त्या माउलीला जे सहज सुचले, ते मला कर्ज काढण्यापूर्वी सुचायला हवे होते.

त्यानंतर शेडला कुलूप लागले ते ऑक्टोबरपर्यंत जवळपास निघालेच नाही. मूग-उडदाचे थोडे काम भाद्रपदात आले, पण आमच्याकडे ती पिके आता फार कोणी घेत नाही. ऊन येऊनही तुरीचे काम आले नाही, तेव्हा एका बाजाराच्या दिवशी मी ओळखीच्या एका शेतकरी भाऊंना विचारले. ते म्हणाले, “वहिनी, तूर घरात होती तवा तुमची मशीन नव्हती. आता मशीन आहे, त तूर इकून आमी मोकये झालो.” त्या वर्षी बाजारात तुरीला क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर भाव होता. ज्यांच्याकडे चार कट्टे जास्तीचे होते, त्यांनी ते मे महिन्यापर्यंत विकून टाकले होते आणि खाण्यापुरत्या तुरीची डाळ करून ठेवली होती. तूर आमच्या वावरांतून डिसेंबर-जानेवारीत निघते आणि फेब्रुवारीत बाजारात जाते; काय विकायचे आणि काय ठेवायचे याचा निर्णय त्या दोन महिन्यांत होतो. नेमक्या त्या दोन महिन्यांत मी बँकेच्या दारात उभी होते.

कर्जाच्या हप्त्याचेही असेच झाले. परतफेड सुरू होण्याआधी मला सहा महिन्यांची सवलत मिळाली होती. नवा धंदा पायावर उभा राहावा म्हणून ही सवलत असते, आणि ती चांगली गोष्ट आहे. पण एप्रिलमध्ये कर्ज उचलल्यामुळे माझी सवलत पावसाळ्यातल्या बंद शेडवर खर्च झाली आणि पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये, गल्ला पूर्ण रिकामा असताना, दारात आला. तो यजमानांनी सोयाबीनच्या चुकाऱ्यातून भरला. हेच कर्ज दिवाळीच्या सुमारास उचलले असते तर सवलतीच्या सहा महिन्यांत पूर्ण हंगाम बसला असता. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, अनुदान या गोष्टींची चौकशी सगळे करतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, अनुदान आहे हे आमच्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कर्ज कोणत्या महिन्यात उचलावे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

बंद शेडच्या त्या महिन्यांत मी एक काम केले. पाठकोऱ्या कागदांवर बारा महिने लिहिले आणि गावात कोणत्या महिन्यात कोणाच्या हातात पैसा असतो, याची नोंद करायला बसले. आपण याच गावात राहतो, तरी हे असे लिहून काढल्याशिवाय दिसत नाही.

सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात निघते, आणि दसरा-दिवाळीचा खर्च तिच्यावरच भागतो. तो पैसा एकदम येतो आणि देणेकऱ्यांकडे एकदमच जातो. कापसाचे तसे नाही. पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि वेचे पडत पडत जानेवारीपर्यंत, कधी त्यापुढेही, चालतात. घरमालक कापूस थोडा थोडा विकतो आणि वेचणाऱ्या बायांना किलोच्या दराने मजुरी मिळते, जी आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा बाजाराच्या दिवशी सकाळी चुकती होते. म्हणजे हिवाळ्याचे तीन महिने गावातल्या बायांच्या हातात दर आठवड्याला रोख पैसा असतो, आणि तो त्यांच्या स्वतःच्या कष्टाचा असल्याने त्यातला थोडा तरी त्या स्वतःच्या मर्जीने खर्च करतात. बांगड्या, झंपर शिवून घेणे, पोरांना खाऊ, घरात एखादे भांडे, ही सगळी खरेदी या महिन्यांत होते. पुढे तूर आणि हरभरा विकला जातो, मार्चअखेर पीककर्ज भरायची धावपळ असते आणि लग्नसराईत उरलेला पैसा संपतो. मे-जूनमध्ये बी-बियाणे आणि खत घरात येते, आणि मृगापासून पोळ्यापर्यंत गाव उसनवारीवर चालते. पोळ्याला बैलाच्या सजावटीपुरते पैसे कोणीही कसेही उभे करतो, पण त्यावरून गावात पैसा आला असे समजू नये.

यात अलीकडे एक बदल झाला आहे आणि तो मी मुद्दाम सांगते. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. रक्कम लहान आहे, पण तिला हंगाम नाही. ज्या धंद्यात दहा-वीस-पन्नास रुपयांची विक्री असते, त्यांना पूर्वीसारखा पावसाळा आता पूर्ण कोरडा जात नाही, हे मी आमच्या गल्लीतल्या एका दुकानावरून पाहते आहे. माझ्यासारखा पिकावर बसलेला धंदा मात्र पिकाच्याच वेळापत्रकाने चालतो.

उधारीविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त नवे धंदे उधारीनेच बुडतात. नात्यातल्या एका मुलाने श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी किराणा दुकान उघडले. जागा चांगली होती, मुलगा मेहनती आणि गोड बोलणारा होता आणि पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांची रीघ लागली. सगळ्यांना फार बरे वाटले. आता विचार केला की कळते, श्रावणात नव्या दुकानात कोण जाणार? ज्याचे जुन्या दुकानदाराशी नीट चालले आहे, तो तिथेच जातो, कारण पीक येईपर्यंत त्याचे खाते तिथे चालू असते आणि ते फेडल्याशिवाय दुसरीकडे जाणे त्यालाही बरे दिसत नाही. नव्या दुकानात येतो तो, ज्याचे खाते जुन्या दुकानात थांबले आहे. तो माणूस वाईट नसतो, त्याचे मागचे पीक गेलेले असते किंवा घरात आजारपण निघालेले असते. पण नव्या दुकानदाराच्या वाट्याला सुरुवातीलाच अशी सगळी घरे एकदम येतात, आणि ही घरे कोणती होती हे त्याला कळण्याच्या आत त्याचे भांडवल वहीत जाऊन बसते. त्या मुलाचे दुकान माघात बंद झाले. लोकांनी त्याच्या व्यवहाराला नावे ठेवली, आणि ती ऐकताना मला फार वाईट वाटत होते, कारण त्याच्या स्वभावात खोट नव्हती, त्याने महिना चुकीचा धरला होता.

तेच दुकान त्याने दसऱ्याला उघडले असते तर काय झाले असते? सोयाबीन विकले की लोक जुनी उधारी फेडतात. उधारी फिटली की गिऱ्हाईक मोकळे होते आणि पुढचे खाते कुठे उघडायचे हे त्याच्या मर्जीवर असते. त्यातच दिवाळीची खरेदी रोखीने होते. वर्षातून एकदाच, तीन-चार आठवडे, आमच्या गावातली चांगली गिऱ्हाइके अशी मोकळी असतात. व्यापारी लोक दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या पूजतात आणि पाडव्याला नवे खाते मांडतात, त्यामागे खरिपाचा माल बाजारात येण्याचा हा हिशेब असला पाहिजे, असे मला वाटते. कृषी केंद्र उघडणाऱ्याला तर हे आणखीच जपावे लागते, कारण त्याचा सगळा माल जूनमध्ये जातो आणि वसुली सोयाबीन-कापसावर असते. त्याच्याकडे एक पूर्ण खरीप उधार देण्याचे बळ नसेल तर जूनमधली गर्दी पाहून त्याने हुरळू नये.

हे सगळे लिहिले म्हणून मी मुहूर्तांच्या विरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. उलट, या विचारात पडल्यावर मला आपल्या जुन्या रितींकडे पुन्हा पाहावेसे वाटले. आमच्याकडे सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. त्या सुमारास रब्बी निघालेली असते, वावर रिकामे असते, मागचा हिशेब पुरा करायला घरात धान्य-पैसा असतो आणि नव्या वर्षाची नांगरणी-वखरणी समोर असते; करार मोडायला आणि जोडायला दोघांनाही याहून सोयीची वेळ नाही. कापसाची पहिली वेचणी सुरू करताना आम्ही सीतादही करतो. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि मगच पहिले बोंड वेचतो. या पूजेची तारीख कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेली नसते. बोंडे फुटली, वेचणीजोगी झाली की त्या वावराचा तो दिवस असतो. शेजारच्या धुऱ्यापलीकडे तो आठवडाभराने येऊ शकतो. मी लहानपणापासून आईच्या पदराला धरून ही पूजा पाहिली आहे, आणि आपल्या कामाची वेळ आपल्या वावरात पाहून ठरवायची असते, हे त्या पूजेत उघड दिसत असूनही मी माझ्या यंत्रासाठी तारीख पंचांगात शोधली.

आणि विदर्भ म्हणजे एकच हंगाम, असेही नाही. भंडारा-गोंदियाकडे माझी मावसबहीण दिली आहे. तिकडे धान पिकते, ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विकले जाते आणि दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. पाहुणे येतात, रात्री नाटक होते; झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटक मंडळ्यांचा हंगाम त्याच वेळी सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातले वडसा-देसाईगंज त्या मंडळ्यांच्या बुकिंगने गजबजून जाते. त्या भागात खाण्याचा, खेळण्यांचा, मंडप-लाउडस्पीकरचा, अगदी फोटो काढण्याचा धंदा काढायचा असेल तर तो मंडईच्या आधी उभा असला पाहिजे. वरुड-मोर्शी-काटोलकडच्या संत्र्यांच्या पट्ट्यात आंबिया आणि मृग असे दोन बहर असल्याने पैसा वर्षातून दोनदा फिरतो, आणि तिथल्या माणसाला माझा हिशेब जसाच्या तसा लागू पडणार नाही. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ चालते. नव्या मालाला लोक कसे घेतात हे पाहण्यासाठी दुकान थाटण्याआधी अशा यात्रेत एक पाल टाकून बसणे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण तिथे भाड्याचा बोजा थोड्या दिवसांचा असतो आणि गिऱ्हाईक दहा दिशांचे असते.

कागदपत्रांच्या वेळेबद्दल थोडक्यात सांगते. मार्चमध्ये बँकेत वसुली आणि वर्षअखेर असते, एप्रिल ते जून पीककर्जाची गर्दी असते. आमच्यासारख्याचा अर्ज नीट वाचायला साहेबांना उसंत मिळते ती पेरण्या आटोपल्यावर. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, तिला वेळ लागत नाही. शेड, वीजजोडणी आणि यंत्राची ऑर्डर यांना मात्र सांगितल्यापेक्षा जास्तच दिवस लागतात, म्हणून आषाढ-श्रावणातच त्यांच्या मागे लागावे. आमच्याकडे जो काळ विक्रीला सर्वांत वाईट, तो तयारीला सर्वांत चांगला आहे.

दुसऱ्या हंगामासाठी मी त्याच वर्षी पोळ्यानंतर कामाला लागले. अंगणात उतार देऊन सिमेंटचा ओटा करून घेतला, कारण सव्वादोन क्विंटल तूर खालून भिजली होती हे डोळ्यांपुढून जात नव्हते. दिवाळीनंतर प्रत्येक आठवडी बाजारात ओळखीच्या बायांना सांगून ठेवले की यंदा तूर निघाली की विकण्याआधी माझ्याकडे एक कट्टा आणा. आणि इथे घरात एक अडचण उभी राहिली. आमच्या वावरातली तूर निघाली ती पौषात, आणि पौषात नवे काम सुरू करत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “पौषात कोणी नवं काम काढते का वं बाई?” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नव्हता आणि तूरही हातची जाऊ द्यायची नव्हती. मी त्यांना म्हटले, “आई, धंदा माघातच सुरू करू. पौषात फक्त घरची तूर भरडून यंत्र कसे चालते ते पाहू.” त्यांना ते पटले. त्या तीन आठवड्यांत आमच्याच तुरीवर मी तेल किती, पाणी किती, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात किती दिवस, हे सगळे बसवून घेतले. गिऱ्हाइकाच्या तुरीवर हे शिकण्याची पाळी मागच्या वर्षी माझ्यावर आली होती. सासूबाईंच्या पौषाने मला हे तीन आठवडे दिले, हे मी त्यांना नंतर बोलूनही दाखवले.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालते. त्या वर्षी मी वाण म्हणून पाव-पाव किलो नवी डाळ दिली. लहान पिशवीत बांधलेली, पिवळीजर्द, एकसारख्या फाकींची डाळ होती ती. बाया ती हातात घेऊन निरखत होत्या, दातांखाली धरत होत्या आणि कोणाच्या तुरीची, कोणत्या वाणाची, शिजायला कशी, असे विचारत होत्या. 4 फेब्रुवारी 2025 ला रथसप्तमी होती. त्या दिवशी मी शेड गिऱ्हाइकांसाठी उघडले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीशी सात कट्टे लागले.

त्या हंगामात काम मागच्या वर्षीच्या कितीतरी पट झाले. पण सगळे श्रेय वेळेला देणे खरे होणार नाही. त्या वर्षी तुरीचे भाव पडले होते. 7,550 रुपये हमीभाव असताना बाजारात बऱ्याचदा त्याहून कमी मिळत होते, त्यामुळे पुष्कळ लोकांनी तूर विकण्यापेक्षा डाळ करून ठेवणे पसंत केले, काहींनी ती शहरातल्या नातेवाइकांना विकली. भाव चढे असते तर माझ्याकडे एवढी तूर आली नसती. शेतकऱ्याच्या पडलेल्या भावावर माझा हंगाम चांगला गेला, ही गोष्ट मला अजूनही टोचते. एवढे मात्र खरे की भाव चढो अथवा पडो, तूर घरात असताना माझे दार उघडे होते. आणि 2025 च्या मे महिन्यात पाऊस इतका लवकर आला की मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोहोचला होता आणि आमच्याकडेही नवतप्यात आभाळ झाकलेले होते. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती. तोपर्यंत माझे बहुतेक काम आटोपून ओटा धुऊन झाला होता.

मागच्या आठवड्यात खालच्या आळीतली एक मुलगी आली होती. शिवणकामाचा कोर्स झाला आहे, बचतगटातून दोन मशिनींपुरते कर्ज मिळते आहे आणि घरच्यांनी शाळेचे गणवेश मिळतील म्हणून जूनमध्ये दुकान टाकायला सांगितले आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस भरतात, म्हणजे गणवेशाचे काम आलेच तर ते दोन-तीन आठवड्यांचे, आणि त्यानंतर समोर आषाढ. मी तिला भिंतीवरची दिनदर्शिका काढून दिली आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. लग्नाचे झंपर कोणत्या महिन्यात शिवायला येतात, ते तिने आधी खूण करून दाखवले. मग मी विचारले, वेचणीच्या बाया झंपर शिवायला कधी टाकतात? ती थांबली. तिची आई वेचणीला जाते, तरी हे तिने कधी विचारले नव्हते. पेन्सिल तशीच हातात घेऊन ती उठली आणि म्हणाली, “काकू, उद्या आईसंगं बाजारात जातो, तिच्या संगच्या बायांना इचारतो आन मंग येतो.”